पन्हाळी, दरजा आणि पिंपळाचं रोप

पहाटे ४:४५

मे महिना संपत आला आहे. मृग लागायला दोन आठवडेही उरलेले नाहीत, आणि जुन्या इमारतींची पाहणी करणाऱ्यासाठी वर्षातला सगळ्यात मोलाचा काळ हाच. पाऊस सुरू झाला की इमारतीचं दुखणं दिसू लागतं, पण तोवर उपचाराची वेळ निघून गेलेली असते. म्हणून दर उन्हाळ्याच्या अखेरीस मी बुऱ्हाणपुरात मुक्काम टाकतो.

निघण्यापूर्वी पिशवी तपासायची. टॉर्च, ओळंबा, पाणसळ, मोजपट्टी, मऊ कुंचला, भेगांवर बसवायच्या काचेच्या पट्ट्या, ओल मोजायचं छोटं यंत्र, गेल्या वर्षीच्या नोंदींची वही आणि एक लाकडी हातोडी. हातोडीचं काम ठोकायचं नाही, ऐकायचं आहे. गिलाव्यावर हलकेच टकटक केली की भरीव आवाज येतो की पोकळ, यावरून आतला गिलावा भिंतीला धरून आहे की सुटला आहे ते कळतं. हे दिवसा बाजाराच्या गलक्यात जमत नाही. पहाटे जमतं.

लालबाग भागातून रिक्षाने शहरात शिरताना जुन्या तटाचा शनवारा दरवाजा लागतो. शहराभोवतीचा हा विटांचा तट पहिल्या निजामाने, आसफजाहने १७३१ मध्ये बांधवला. तटाचा बराच भाग आज घरांच्या भिंतींमध्ये मुरून गेला आहे. दरवाजे मात्र टिकले, कारण त्यांच्याखालून रोज रहदारी होते आणि त्यांचा एखादा दगड ढळला तर दुसऱ्या दिवशी बोभाटा होतो.

सकाळी ५:३०

गांधी चौकातली जामा मशीद. पहाटेची नमाज होऊन गेली आहे, अंगण रिकामं आहे. इथली झाडलोट पाहणारे चाचा मला पाहून जिन्याची किल्ली काढतात. आमचं बोलणं बुऱ्हाणपुरी पद्धतीने चालतं, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. “या भाऊ, वर कबुतरांनी फार धिंगाणा घातलाय,” ते म्हणतात.

मी आधी छतावर जातो. नवखा माणूस इमारत पाहायला दर्शनी बाजूने सुरुवात करतो, पण इमारतीचा जीव छतात असतो. या मशिदीच्या बांधणीत छताला लाकूड वापरलेलं नाही. काळ्या दगडाच्या खांबांवर कमानी, कमानींवर दगडी छत, असा सगळा भार एकमेकांवर तोलून धरलेला आहे. लाकूड नाही म्हणून वाळवीचं भय नाही, आगीचं भय कमी. भय आहे ते पाण्याचं. छतावर साचलेलं पाणी दगडाच्या सांध्यात उतरतं, सांध्यातला चुना धुऊन नेतं आणि वर्षानुवर्षांनी एखादी कमान सैल करतं.

म्हणून पहिली नोंद पन्हाळींची. प्रत्येक पन्हाळीत हात घालून पाहायचं. कबुतरांची विष्ठा, पिसं, वाळकी पानं, प्लास्टिकची पिशवी, पतंगाचा मांजा, हे सगळं हाताने काढायचं आणि मग तांब्याभर पाणी ओतून ते कुठून बाहेर पडतं ते पाहायचं. पाणी पलीकडे भिंतीपासून लांब पडलं तर ठीक. भिंतीवरून ओघळलं तर पन्हाळीचं तोंड तुटलं आहे. आज दोन ठिकाणी ओघळतंय. वहीत लिहितो.

दुसरी नोंद झाडांची. मिनाराच्या बुडाशी, दगडाच्या दरजेत, वीतभर पिंपळ उगवला आहे. चार पानं, कोवळी, तांबूस. पक्ष्याच्या विष्ठेतून बी आलं, दरजेत धूळ होती, गेल्या पावसाळ्यात ओल मिळाली, एवढं त्याला पुरलं. उपटून टाकावंसं कुणालाही वाटेल, आणि घात तिथेच होतो. वरचा कोंब तुटतो, मुळी आत राहते, पुढच्या पावसात दुप्पट जोराने फुटते. जोर लावून ओढली तर मुळीबरोबर दरजेतला चुनाही निघून येतो. त्यामुळे कोंब कापायचा, मुळीवर औषध लावून ती मरू द्यायची, मग तेवढीच दरज उघडून मुळी पूर्ण काढायची आणि त्याच दिवशी चुन्याने भरायची. वीतभर रोपासाठी दोन खेपा लागतात. दहा वर्षं सोडून दिलं तर त्याच रोपासाठी परांची बांधून अख्खा कोपरा उतरवावा लागतो.

सकाळी ७:००

छतावरून उतरून आत. समोर पंधरा टोकदार कमानींची रांग, आणि आत खांबांच्या ओळींतून मागच्या भिंतीपर्यंत जाणारा थंडगार उजेड.

ही मशीद फारुकी सुलतान आदिलशहाने, म्हणजे राजा अली खानाने बांधली. खानदेशावर फारुकींनी सुमारे दोनशे वर्षं राज्य केलं. नसीर खान फारुकीने १४०० च्या सुमाराला तापीच्या उत्तर काठावर हे शहर वसवलं आणि खुलताबादेत चिरविश्रांती घेत असलेल्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. पलीकडच्या काठावरचं जैनाबाद हे संत जैनुद्दीन यांच्या नावाचं. म्हणजे या शहराची नाळ मुळापासून आजच्या मराठवाड्याशी जोडलेली आहे. राजा अली खानाचा शेवटही मराठी मुलखातच झाला. १५९७ मध्ये गोदावरीच्या खोऱ्यात सोनपेठजवळ झालेल्या लढाईत तो मुघलांच्या बाजूने लढताना पडला.

उत्तर टोकाच्या भिंतीपाशी मी दरवर्षी थांबतो. तिथे अरबी लेख आहे आणि त्याच्याच सोबतीला नागरी लिपीतला संस्कृत लेख आहे. संस्कृत लेखात सुरुवातीला जगाच्या निर्मात्याला नमन, मग फारुकी राजांची वंशावळ, आणि शेवटी पंचांगाप्रमाणे काळ: संवत १६४६, शके १५११, पौष महिना, शुक्ल पक्ष, तिथी, वार. मशिदीच्या मुख्य भिंतीवर शके आणि तिथी कोरण्यात बांधणाऱ्याला काही वावगं वाटलं नाही, आणि त्यानंतर चार शतकं इथे नमाज पढणाऱ्यांनाही वाटलं नाही. त्यांनी तो लेख जपला. पुढे अकबराने फारुकींचा असीरगड घेतला तेव्हा, १६०१ मध्ये, त्या विजयाची फारसी नोंदही याच मशिदीवर कोरली गेली. राज्य गेलं, नवी नोंद आली, पण जुनी कुणी खरवडून काढली नाही.

माझं काम इथे लेख वाचण्याचं नाही, दगड वाचण्याचं आहे. तिरपा टॉर्च मारून अक्षरांच्या कडा पाहतो. कुठे पापुद्रा सुटतोय का, पांढरी भुकटी दिसते का, कुणी तेल किंवा रंग लावलाय का. लेखाच्या आजूबाजूला दगड कोरडा आहे. यंत्राचा आकडा गेल्या वर्षीएवढाच. हे लिहिताना मनापासून समाधान वाटतं.

चाचा विचारतात, “मग यंदा काय सांगता?” मी सांगतो की दोन पन्हाळी, एक पिंपळ, आणि अंगणातल्या नळाखाली पाणी साचतं तिथला उतार. ते मान हलवतात. “पन्हाळींचं जुम्म्याच्या आत करून टाकू.” इथे वर्गणी आहे, माणसं आहेत, रोज येणारे डोळे आहेत. मोठ्या इमारतीला यापेक्षा मोठा आधार नसतो.

सकाळी ८:३०

पोहे आणि मावा जिलबी. खव्याची ही काळसर, जाडसर जिलबी बुऱ्हाणपूरची खास. ती घेतल्याशिवाय इथला दिवस सुरू होत नाही. खाता खाताच सकाळच्या नोंदी पक्क्या करून टाकतो, कारण दुपारपर्यंत आकडे डोक्यात मिसळतात.

सकाळी ९:१५

तापीकाठचा शाही किल्ला. फारुकींनी उभारलेल्या या गढीत पुढे मुघल सुभेदार आणि शाहजादे राहिले. दक्षिणेच्या स्वाऱ्यांचं हे मोठं ठाणं. १६१५ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो इथेच शाहजादा परवेझच्या दरबारात आला होता. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल याच शहरात बाळंतपणात वारली. पलीकडच्या काठावर जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, तिला तात्पुरतं दफन केलं आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला.

किल्ल्याची कितीतरी दालनं आता नुसत्या जोत्यावर उरली आहेत. जे टिकलं त्यात सगळ्यात नाजूक म्हणजे हमाम. गरम आणि थंड पाण्याची सोय असलेलं हे स्नानगृह, आणि त्याच्या छतावर, कोनाड्यांवर, कमानींच्या पोटांवर रंगीत नक्षी: फुलं, वेली, जाळीदार आकृत्या. हा रंग चुन्याच्या गिलाव्यावर आहे. पापुद्रा अतिशय पातळ.

इथे मी भिंतीला हात लावत नाही. बोटाची ओल आणि तेलकटपणासुद्धा रंगाला बाधतो. आधी दारात उभं राहून डोळे अंधाराला सरावू द्यायचे. मग गेल्या वर्षीची छायाचित्रं एकेक हातात धरून तोच भाग शोधायचा. पश्चिमेकडच्या एका कोनाड्यात पूर्वी तळहाताएवढा पांढुरका डाग होता. तो आता वाढलाय. भिंगातून पाहिलं तर डागावर बारीक, कापसासारखे स्फटिक दिसतात. हा लोणा. भिंतीत कुठून तरी पाणी शिरतं, विटा आणि चुन्यातले क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार रंगाच्या मागे स्फटिक होऊन बसतात. स्फटिक फुगतात आणि रंगाला मागून ढकलतात. एका पावसाळ्यात पापुद्रा सुटतो, दुसऱ्यात गळून पडतो. गळून पडलेली वेल कुठल्याही चित्रकाराला परत आणता येत नाही. त्याने काढलेली वेल ही नवी वेल असते.

डाग पुसून उपयोग नाही. पाणी कुठून येतं ते शोधायला हवं. म्हणून बाहेरच्या बाजूला वळसा घालून त्याच जागेच्या मागे जातो. तिथे भिंतीवर जुन्या दुरुस्तीचा सिमेंटचा पट्टा आहे. कुणी तरी, कधी तरी, चांगल्या हेतूनेच तो लावला असणार. पण सिमेंट आणि चुना यांचं जमत नाही. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल शोषते आणि ऊन पडलं की बाहेर सोडते. सिमेंटने बाहेरची वाट बंद केली की ओल आतल्या बाजूने वाट काढते, आणि आत रंगीत नक्षी आहे. एवढासा पट्टा, पण तो पलीकडच्या चित्राचा घास घेतोय.

वहीत ठळक अक्षरात लिहितो: बाहेरचं सिमेंट हातछिन्नीने हलकेच काढणं, यंत्र अजिबात नाही, दरजा चुन्याने भरणं, आत सध्या काहीही करू नये, फक्त दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच उजेडात छायाचित्र.

सकाळी ११:१५

ऊन आता बोलू देत नाही. शहराबाहेर एका शेडखाली चुना तयार होतो आहे आणि तिथे आबांची भेट ठरलेली आहे. आबा रावेर तालुक्यातले गवंडी, सत्तरी ओलांडलेले. वडिलांकडून चुन्याचं काम शिकले, मध्ये बरीच वर्षं सिमेंटवर पोट भरलं, आणि आता पुन्हा चुन्याकडे आलेत.

जमिनीतल्या हौदात विझवलेला चुना पाण्याखाली मुरतोय. भट्टीतून आलेला कळीचा चुना पाण्यात टाकला की तो उकळतो, फुटतो, आणि मग शांत होतो. पण शांत झाला म्हणजे तयार झाला असं नव्हे. काही आठवडे तो पाण्याखाली ठेवावा लागतो, म्हणजे आतले न विझलेले खडे विझतात. घाईने वापरला तर तेच खडे भिंतीत गेल्यावर फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात.

आबा हौदातून मूठभर चुना काढून तळहातावर पसरतात आणि अंगठ्याने दाबतात. लोण्यासारखा मऊ. “याच्यात खडा लागला का तुम्हाले?” ते विचारतात. मी नाही म्हणतो. “मग चाळून घेऊ, अन् उद्यापासून घाणीत.”

घाणीत चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची भुकटी, एकत्र दळली जाते. सुरखी चुन्याला ओल्या जागेतही घट्ट होण्याची ताकद देते. त्यात गूळ आणि बेलफळाच्या गराचं पाणी, हिरड्याचा काढा, कधी उडदाच्या डाळीचं पाणी. प्रमाण जागेनुसार बदलतं. पन्हाळीसाठी वेगळं, दरजेसाठी वेगळं, गिलाव्यासाठी वेगळं. हे प्रमाण कुठल्या पुस्तकातून उचलून जमत नाही. जुन्या भिंतीचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून चुना किती, वाळू किती ते कळतं, पण लगदा किती सैल हवा ते आबांच्या थापीलाच कळतं.

मी त्यांना हमामच्या मागच्या भिंतीचा फोटो दाखवतो. ते बराच वेळ पाहतात. “सिमेंट काढाले दोन जण पुरे. पण पोरं घाई करतील तर विटेची कड जाईन. मीच बसतो.” सत्तरीच्या माणसाने उन्हात छिन्नी घेऊन बसावं हे मला पटत नाही. पण त्यांच्या हाताखाली या क्षणी दोनच मुलं आहेत, आणि त्यातला एक पुढच्या महिन्यात सुरतेला यंत्रमागावर जाणार आहे. चुन्याच्या कामाला वर्षातून चार महिने मागणी येते. चार महिन्यांच्या कामावर कुणाचं घर चालत नाही. इमारती वाचवायच्या असतील तर आधी हे हात वाचवायला हवेत, आणि त्यासाठी बाराही महिने काम द्यायला हवं.

दुपारी १:००

जेवण, आणि तीन वाजेपर्यंत बाहेर काम नाही. बुऱ्हाणपूरचं मे महिन्याचं ऊन सोसत काम केलं की नोंदी चुकतात. पंख्याखाली बसून छायाचित्रांना क्रमांक द्यायचे, आकडे तक्त्यात भरायचे.

याच वेळात पुण्याहून एका मैत्रिणीचा फोन येतो. ती तिथल्या जुन्या ख्रिस्ती वास्तूंवर काम करते आणि सध्या गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या आवारावर लिहिते आहे. विद्यार्थी असताना मीही तिथे मोजमापं घेतली होती. इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या अँग्लिकन सिस्टर्स १८७७ मध्ये पुण्यात आल्या. शाळा, रुग्णसेवा, अनाथ मुलींचा सांभाळ अशी कामं त्यांनी उभी केली. पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या याच सिस्टर्सच्या आश्रयाला, आणि १८८३ मध्ये वाँटेजलाच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पंचहौदला काऊली फादर्सचं मिशन होतं. तिथे पवित्र नाम देवालय आणि त्याचा उंच घंटामनोरा उभा राहिला. १८९० मध्ये रानडे, टिळक आणि पुण्यातली बरीच मंडळी याच मिशनमध्ये चहापानाला जमली आणि त्यावरून शहरात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं.

मैत्रीण म्हणते, “बांधणाऱ्या सिस्टर्स आणि फादर गेले, चर्चची व्यवस्था बदलली, पण देवळात अजून दर रविवारी उपासना होते. म्हणून मनोरा उभा आहे.” १९७० मध्ये उत्तर भारतातलं अँग्लिकन चर्च इतर पंथांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झालं. मालक बदलले, नाव बदललं, भक्त राहिले. मला सकाळचे चाचा आठवतात. इथे फारुकी गेले, मुघल गेले, १७६० नंतर पेशवे आले, मग शिंदे, मग इंग्रज. प्रत्येक राज्यात जुम्म्याची नमाज होत राहिली. मशीद आणि चर्च, बुऱ्हाणपूर आणि पुणे, दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. ज्या वास्तूचा वापर तिच्या मूळ कामासाठी सुरू आहे, तिला राखणारे मिळतात. ज्या वास्तूचं काम संपलं, तिला राखण विकत घ्यावी लागते, आणि ती घेणं ही समाजाची जबाबदारी असते. हमामात आता कुणी आंघोळ करणार नाही. म्हणून त्याच्या पन्हाळीत हात घालणारं माणूस पगारी असायला हवं, दरवर्षी, न चुकता.

वापराचीही एक बाजू आहे, ती मैत्रिणीशी बोलताना निघते. वापरातल्या वास्तूला भक्त नवं रूप देऊ पाहतात. चकचकीत फरशी, तैलरंग, दगडावर ठोकलेले पंख्यांचे खिळे. तिथे संवर्धकाने वेळेवर पोहोचून सांगणं गरजेचं. भारतीय पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये संवर्धनाची जी पुस्तिका लिहिली तिचं सूत्र आजही मार्गदर्शक आहे: मूळचं मोडकं काम हे नव्या परिपूर्ण कामापेक्षा मोलाचं, म्हणून नवं करण्याआधी जुनं टिकवा.

दुपारी ३:३०

कुंडी भंडारा. शहराच्या उत्तरेला, सातपुड्याच्या उताराकडे. अब्दुर रहीम खानखानान सुभेदार असताना, १६१५ मध्ये, इराणी जाणकार तबकुतुल अर्ज याच्या देखरेखीखाली ही पाण्याची योजना उभी राहिली. सातपुड्याच्या पोटातून तापीकडे झिरपत जाणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवायचं आणि नुसत्या उताराच्या बळावर शहरापर्यंत आणायचं. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या, शंभरहून अधिक. त्यांतून हवा खेळते, उजेड येतो, गाळ काढता येतो. पंप नाही, चाक नाही. एवढ्यावर चारशे वर्षं पाणी वाहतंय. २०२४ च्या मार्चमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं.

सुमारे ऐंशी फूट खाली उतरलं की वरचा उन्हाळा विसरायला होतं. घोट्यापर्यंत पाणी, थंड, नितळ. टॉर्च भिंतीवर फिरवला की पांढरट थर चमकतो. पाण्यातला चुना वर्षानुवर्षं भिंतींवर बसत जातो आणि बोगद्याची वाट अरुंद करतो. मी ठरलेल्या खुणेपाशी रुंदी मोजतो, पाण्याची उंची मोजतो, आणि गेल्या मे महिन्याच्या आकड्याशेजारी लिहितो. पाणी उतरलंय.

ही दुरुस्ती कुठल्याही गवंड्याच्या हातची नाही. पाणी सातपुड्याच्या जंगलातून येतं. जंगल विरळ झालं, पाऊस जमिनीत मुरायचा थांबला, आणि आजूबाजूच्या केळीच्या बागांना खोल बोअरवेलचं पाणी लागू लागलं. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, कारण त्याचं पोट केळीवर आहे. पण या बोगद्याची राखण म्हणजे वरच्या डोंगराची राखण, हे त्याच्यापर्यंत पोहोचायला हवं. इथे स्मारक वाचवणं आणि विहीर वाचवणं एकच आहे, आणि हे सांगितलं की शेतकरी लक्ष देऊन ऐकतो. वर आल्यावर दोघांशी बोलणं होतं. त्यातला एक जण शेताच्या बांधाला पाणी जिरवायचा चर खोदायला तयार आहे.

संध्याकाळी ५:४५

उतावळी नदीच्या काठी शाहनवाज खानाची कबर. हा अब्दुर रहीम खानखानानचा मुलगा, १६१९ मध्ये वारला. काळ्या दगडातली देखणी वास्तू, आत रंगीत नक्षी. लोक तिला काळा ताजमहाल म्हणतात.

उतरत्या उन्हात भिंतीतला प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, म्हणून भेगा पाहायला हीच वेळ. एका भेगेवर आधी बसवलेली काचेची पट्टी अखंड आहे. भेग हलली असती तर काच तडकली असती. म्हणजे ही भेग जुनी आहे, थांबलेली आहे, तिला छेडू नये. दुसऱ्या भेगेवर नवी पट्टी बसवतो आणि तारीख घालतो.

आवारात शेजारची पोरं खेळताहेत. एकजण विचारतो, काच कशाला? सांगितल्यावर तो रोज पाहतो म्हणतो. मी त्याला माझा नंबर देतो. तडकली तर लगेच फोन कर. त्याच्या चेहऱ्यावर जबाबदारी दिसते, आणि माझा त्याच्यावर भरवसा आहे.

रात्री ८:३०

अहवाल. दरवर्षी मी त्यात मोठ्या योजनांची यादी टाळतो आणि छोट्या कामांचं वेळापत्रक लिहितो. मेमध्ये पन्हाळी आणि छत. पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर आतून एक फेरी, कुठे गळतंय त्याची खूण. दिवाळीनंतर, भिंती वाळल्यावर, दरजांचं काम. थंडीत चुना विझवून मुरवायला ठेवणं, म्हणजे पुढच्या कामाला ताजा चुना घाईने वापरायची वेळ येत नाही. या वेळापत्रकाप्रमाणे आबांच्या टोळीला बाराही महिने काम मिळतं, आणि शिकायला आलेलं पोरगं सुरतेला जात नाही.

याला लागणारी रक्कम एका मोठ्या जीर्णोद्धाराच्या मानाने अगदी थोडी आहे. पण जीर्णोद्धाराचं उद्घाटन होतं, पन्हाळ साफ करण्याचं होत नाही, म्हणून पैसा एकदम आणि उशिरा येतो. तोवर चित्र गळून पडलेलं असतं. चारशे वर्षांची इमारत पडते ती एखाद्या भूकंपाने क्वचितच. ती पडते सलग दहा उन्हाळ्यांत न काढलेल्या पाल्याने.

म्हणून अहवालाच्या पहिल्याच पानावर, सगळ्या आकड्यांच्या आधी, एकच मागणी लिहितो: बुऱ्हाणपुरातल्या जुन्या वास्तूंसाठी चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्यांची एक कायमची टोळी नेमावी, तिला वर्षभराचा पगार द्यावा, आणि तिच्या कामाची सुरुवात या आठवड्यात, पाऊस पडायच्या आत, हमामच्या मागच्या भिंतीपासून व्हावी.